यकृताच्या विकाराचे सोबती
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार आपल्या परंपरेत सांगितले जातात. त्यांपैकी औषधदानाचे व्रत पन्नास वर्षे सांभाळणाऱ्या संस्थेच्या महोत्सवात एका वैद्यकीय विषयाला स्थान मिळावे, हे उचितच होय. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांवर अशा व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले गेले आहे. आजचा विषय त्या मानाने अपरिचित आहे. ज्यांना यकृताचा विशिष्ट प्रकारचा जुनाट विकार जडलेला असतो, त्यांच्या शरीरात त्याच जातीचा दुसरा विकारही पुष्कळदा वास करीत असतो, आणि तो मुद्दाम शोधल्याखेरीज सापडत नाही. या सोबती विकारांचा परिचय करून देणे एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

प्रथम एका गैरसमजाचा विचार करणे प्राप्त आहे. यकृताचा विकार म्हटला की समाजाच्या मनात मद्यपानाची शंका येते. ज्या कुटुंबात सप्तव्यसनांचा त्याग पिढ्यान् पिढ्या पाळला गेला, त्या कुटुंबातील पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या स्त्रीच्या तपासणी अहवालावर ‘सिरोसिस’ हा शब्द उमटतो, तेव्हा घरातील माणसे गोंधळून जातात. अहवाल कपाटात ठेवला जातो. नातलगांना ‘पोटाचा त्रास आहे’ एवढेच सांगितले जाते. घरात विवाहयोग्य कन्या असेल तर मौन अधिकच गाढ होते. या मौनाची किंमत मोठी असते. थायरॉइडचे औषध देणाऱ्या डॉक्टरांना यकृताचा रोग कळविला जात नाही, सांध्यांवर उपचार करणाऱ्यांना दोन्ही कळविले जात नाहीत, आणि ज्या बहिणीची वा कन्येची तपासणी व्हावयास हवी, तिला तर काहीच ठाऊक नसते.

वास्तविक सिरोसिस म्हणजे यकृतात व्रण साचून ते कठीण व गाठाळ होणे. मद्य हे त्याचे एक कारण आहे. हेपॅटायटिस बी व सी हे विषाणू, मधुमेह व स्थूलतेमुळे यकृतात साचणारी चरबी, काही आनुवंशिक दोष आणि आजच्या विषयाशी निगडित असलेले स्वयंप्रतिकारक विकार हीदेखील त्याची कारणे होत. शेवटच्या गटातील एका रोगाचे नाव दीर्घकाळ ‘प्रायमरी बिलिअरी सिरोसिस’ असे होते. त्यातील कित्येक रुग्णांना सिरोसिस झालेलाच नसे, आणि तरीही नावामुळे त्यांच्याकडे मद्यपी म्हणून पाहिले जाई. रुग्णांच्या संघटनांनी हा प्रश्न लावून धरला आणि २०१५ साली ‘सिरोसिस’ हा शब्द गाळून रोगाला ‘प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस’ असे नाव देण्यात आले. शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या मनःस्तापाची दखल घेऊन रोगाचे नाव बदलावे, अशी उदाहरणे विरळाच.

शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंना ओळखून त्यांचा नाश करते. स्वकीय कोण आणि परकीय कोण, हा भेद तिला जन्मापासून शिकावा लागतो. काही व्यक्तींत हा विवेक ढळतो आणि प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवावर चालून जाते. तिचा रोख यकृताच्या पेशींकडे वळला तर ‘ऑटोइम्यून हेपॅटायटिस’ होतो. या रोगाचे चारांपैकी सुमारे तीन रुग्ण स्त्रिया असतात, आणि सुमारे एक तृतीयांश रुग्णांत निदानाच्या वेळीच सिरोसिस आढळतो. यकृताच्या आतील सूक्ष्म पित्तनलिका लक्ष्य झाल्या तर नुकताच उल्लेखिलेला कोलँजायटिस होतो. त्यात दहांपैकी नऊ रुग्ण स्त्रिया असतात. तिसरा विकार ‘प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस’ हा होय. त्यात लहानमोठ्या पित्तनलिका जागोजागी आकुंचन पावतात आणि त्यात पुरुषांचे प्रमाण अधिक असते. सोयीसाठी यांना पुढे अनुक्रमे यकृतदाह, सूक्ष्म नलिकांचा विकार आणि मोठ्या नलिकांचा विकार असे म्हटले आहे.

या विकारांना सोबती असतात, हे वैद्यकाच्या ध्यानात कसे आले, याचा इतिहास मनोरंजक आहे. १९१२ साली जपानमधील शल्यविशारद हाकारू हाशिमोतो यांनी थायरॉइड ग्रंथीच्या एका विशिष्ट सुजेचे वर्णन केले. तिचे कारण मात्र १९५६ पर्यंत अज्ञात होते. त्या वर्षी लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनिएक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध प्रतिपिंडे असतात. पुढे १९६५ साली याच डोनिएक व रॉइट यांनी यकृततज्ज्ञ शीला शेरलॉक आणि वॉकर यांच्या समवेत सूक्ष्म नलिकांच्या विकाराच्या रुग्णांचे रक्त तपासले. त्यात पेशींतील मायटोकॉन्ड्रिया या घटकाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. तीच चाचणी आजही या रोगाच्या निदानाचा कणा आहे, आणि शंभरांपैकी नव्वदांहून अधिक रुग्णांत ती सकारात्मक येते. थायरॉइड आणि यकृत या दूरच्या दोन अवयवांचे कोडे त्याच संशोधकांच्या हातून उलगडावे, यात योगायोगाचा भाग कमी आहे, कारण रोगाची जातकुळी एकच होती.

ऑस्ट्रेलियातही असेच घडले. ‘ल्यूपस’ या सर्वांगाला ग्रासणाऱ्या विकारात रक्तात एक विशिष्ट पेशी दिसते, असे अमेरिकेतील माल्कम हारग्रेव्ज यांनी १९४८ साली दाखविले होते. तीच पेशी १९५५ साली जुनाट यकृतदाहाच्या रुग्णांत सापडली. मेलबर्नचे इयन मॅके यांनी १९५६ साली या रोगाला ‘ल्यूपॉइड हेपॅटायटिस’ असे संबोधिले. हा ल्यूपस नसून स्वतंत्र रोग आहे, हे नंतर स्पष्ट झाले आणि १९६५ पासून ‘ऑटोइम्यून हेपॅटायटिस’ हे नाव रूढ होत गेले. १९७१ साली शेरलॉक यांच्या चमूने प्रेडनिसोलोन या औषधाने या रोगातील मृत्यू लक्षणीय कमी होतात, असे पद्धतशीर चाचणीने सिद्ध केले. तेव्हापासून तेच औषध, अझाथायोप्रिनच्या जोडीने, उपचाराचा पाया राहिले आहे.

आता सोबती विकारांकडे वळू. थायरॉइडचा विकार हा सर्वांत नित्याचा सोबती होय. तो यकृतदाहातही आढळतो आणि सूक्ष्म नलिकांच्या विकारातही. थकवा हे दोन्ही रोगांचे लक्षण असल्यामुळे एकाचे निदान झाले की दुसऱ्याचा शोध थांबतो. थायरॉइडची गोळी चालू असून, रक्तातील मान योग्य असूनही थकवा जात नसेल, तर यकृताच्या चाचण्या करून पाहणे इष्ट असते. यकृताच्या रुग्णाचा थकवा अकस्मात वाढला, तर थायरॉइड पाहणे तितकेच इष्ट असते.

दुसरा सोबती म्हणजे डोळे व तोंड कोरडे पाडणारा शोग्रेन विकार. सूक्ष्म नलिकांच्या विकारात तो फार वेळा दिसतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, रात्री उशाशी पाण्याचा तांब्या ठेवावा लागणे, दात एकामागून एक किडणे ही त्याची लक्षणे. पाण्याच्या घोटाशिवाय खाकरा गिळता येतो का, या साध्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांना पुष्कळ काही सांगून जाते. आपल्या समाजात ही कोरड हमखास उपवासाच्या किंवा उष्णतेच्या नावावर खपते. पारणे होऊन पंधरवडा लोटला तरी तोंडाला ओल नसेल, तर मात्र तिचे कारण उपवासात शोधण्यात अर्थ नाही.

खाजेविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. सूक्ष्म नलिकांच्या विकारातील खाज तळहात व तळपायांना अधिक असते, रात्री वाढते आणि त्वचेवर पुरळ दिसत नाही. रुग्ण वर्षानुवर्षे मलमे लावीत राहतो. कावीळ नसल्यामुळे यकृताची शंका कोणालाच येत नाही. परंतु या रोगात बिलिरुबिन वाढण्याच्या कितीतरी आधी अल्कलाइन फॉस्फटेज नावाचे मान वाढलेले असते. ही चाचणी साध्या यकृत तपासणीतच अंतर्भूत असते. अहवालात तिच्यापुढे ठळक अक्षर वा बाण छापलेला असूनही ‘कावीळ नाही ना, मग ठीक’ असे म्हणून कागद बाजूला ठेवला जातो. रोग लवकर कळल्यास अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल हे औषध वजनाच्या दर किलोला रोज १३ ते १५ मिलिग्रॅम या प्रमाणात दिले जाते आणि बहुसंख्य रुग्णांत ते रोगाची गती मंदावते.

मोठ्या नलिकांच्या विकाराचा सोबती वेगळाच आहे. पाश्चात्त्य देशांत त्याच्या बहुसंख्य रुग्णांना मोठ्या आतड्याचा ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’ असतो. आशियात हे प्रमाण कमी आहे, तथापि नगण्य नाही. हा कोलायटिस पुष्कळदा सौम्य असतो, शौचावाटे रक्तही फारसे जात नाही, म्हणून रुग्णाला त्याचा पत्ता लागत नाही. दोन्ही विकार एकत्र असता आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणूनच निदानाच्या वेळी लक्षणे नसली तरी कोलोनोस्कोपी केली जाते, आणि कोलायटिस आढळल्यास ती बहुधा दरवर्षी करण्याचा सल्ला दिला जातो. लक्षण नसताना तपासणी कशासाठी, असा प्रश्न घरची मंडळी विचारतात. त्याचे उत्तर या जोडीत आहे.

यांशिवाय संधिवात, कोड, बालवयात किंवा तरुणपणी होणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह आणि सोरायसिस हेही या कुटुंबातले. कोडाविषयी समाजात जो संकोच आहे, तो सर्वांस विदित आहे. कोड असलेल्या प्रत्येकाला यकृताचा रोग असतो असे मुळीच नाही. मात्र यकृतदाहाच्या रुग्णाने अंगावरील पांढरा डाग डॉक्टरांपासून लपवू नये, कारण तो निदानाला साहाय्य करणारा पुरावा असतो.

जीवनसत्त्व ब-१२ ची गोष्टही अशीच गुंतागुंतीची आहे. शाकाहारी समाजात त्याची कमतरता आहारामुळे सर्रास आढळते. परंतु काहींच्या जठराच्या अस्तरावरच प्रतिकारशक्तीचा हल्ला झालेला असतो आणि मग दूध-दही कितीही घेतले तरी ब-१२ शोषले जात नाही. अशांना ते इंजेक्शनने किंवा डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मोठ्या मात्रेत घ्यावे लागते. त्यातही एक मेख आहे. यकृताच्या जुनाट विकारात रक्तातील ब-१२ चा आकडा फसवा वाढलेला दिसू शकतो. हातापायांना मुंग्या येत असतील, तर केवळ आकडा पाहून निश्चिंत होता येत नाही.

सीलिअ‍ॅक या विकारात गव्हातील ग्लुटेन हे प्रथिन आतड्याला सोसत नाही. रक्तक्षय, वजन घटणे आणि जुलाब ही त्याची नेहमीची लक्षणे असली, तरी काही रुग्णांत यकृताची वाढलेली माने हेच पहिले चिन्ह असते आणि गहू वर्ज्य केल्यावर ती माने पूर्ववत होतात. यकृतदाहाच्या रुग्णांतही सर्वसामान्यांपेक्षा सीलिअ‍ॅक अधिक सापडतो. याची रक्तचाचणी गहू खाणे चालू असतानाच करावी लागते. आधी गहू सोडून मग चाचणी केली तर रोग असूनही ती नकारात्मक येऊ शकते. उलट यकृताच्या जुनाट विकारात ती कधी खोटी सकारात्मकही येते, म्हणून आतड्याचा तुकडा तपासून खात्री करणे योग्य ठरते. महाराष्ट्रातील माणसाला ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांचा आधार असल्यामुळे गहू सोडणे उत्तरेतील माणसाइतके जड जात नाही. तरी दोन ठिकाणी फसगत होते. पहिली पिठाच्या गिरणीत, कारण गव्हावर दळलेली ज्वारी निर्धोक राहत नाही. दुसरी हिंगाच्या डबीत. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या स्वयंपाकात हिंगाचा वापर सढळ असतो, आणि बाजारातील बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. सहा महिने पोळी सोडूनही चाचणी सुधारत नाही, अशा वेळी हिंगाच्या डबीवरील घटकांची यादी वाचून पाहावी.

हे सर्व विकार एकत्र का येतात? काही जनुके त्यांना समाईक असतात. यकृतदाह, पहिल्या प्रकारचा मधुमेह आणि सीलिअ‍ॅक यांत प्रतिकारशक्तीची ओळखपद्धती ठरविणाऱ्या काही जनुकांचे तेच ते प्रकार पुन्हा पुन्हा आढळतात. परंतु जनुके म्हणजे केवळ कल होय. जुळ्या भावंडांपैकी एकालाच रोग व्हावा, असेही घडते.

कधी कधी तर यकृतातच दोन रोगांची सरमिसळ असते. सूक्ष्म नलिकांच्या विकारात दहांपैकी सुमारे एका रुग्णात यकृतदाहाचीही लक्षणे सापडतात. त्याला ‘ओव्हरलॅप’ असे म्हणतात. त्यासाठीचे निकष १९९८ साली पॅरिसमध्ये मांडले गेले. लहान मुलांत हे अधिकच ठळक असते. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील २००१ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ अभ्यासात स्वयंप्रतिकारक यकृतविकाराच्या ५५ मुलांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांच्या पित्तनलिकाही रोगग्रस्त निघाल्या. म्हणून एका औषधाने अपेक्षित गुण येत नसेल, तर रुग्ण पथ्य मोडतो असा आरोप करण्यापूर्वी निदान अपुरे आहे का, हे पाहणे न्याय्य होय.

येथे सावधगिरीची एक सूचना आवश्यक आहे. रक्तात प्रतिपिंडे सापडली म्हणजे रोग झालाच, असे नाही. साध्या चरबीयुक्त यकृतात, हेपॅटायटिस सी मध्ये, आणि वृद्धापकाळी निरोगी व्यक्तींतही अल्प प्रमाणात प्रतिपिंडे आढळतात. प्रयोगशाळेच्या ‘संपूर्ण तपासणी’ योजनेत ‘एएनए’ ही चाचणी सकारात्मक आली म्हणून घाबरून जाणारे पुष्कळ आहेत. यकृताची माने, इम्युनोग्लोब्युलिन-जी, विषाणूंच्या चाचण्या आणि आवश्यक तेव्हा यकृताची बायॉप्सी यांचा एकत्रित विचार केल्यावरच निदान ठरते.

औषधांच्या बाबतीत सोबती विकारांचे भान नसेल तर काय होते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. खाज कमी करण्यासाठी कोलेस्टिरॅमिनची पूड देतात. ती आतड्यात पित्तद्रव्यांना धरून ठेवते, परंतु त्याच वेळी घेतलेल्या थायरॉइडच्या गोळीलाही धरून ठेवते, आणि अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लालाही. या औषधांत किमान चार तासांचे अंतर हवे. दोन डॉक्टरांनी दोन चिठ्ठ्या लिहून दिल्या आणि रुग्णाने सगळे एकाच वेळी घेतले, तर थायरॉइडची मात्रा वाढवीत न्यावी लागते आणि कोणाला कारण कळत नाही. दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. यकृतदाहासाठी अझाथायोप्रिन घेणाऱ्या रुग्णाला युरिक आम्लासाठी अ‍ॅलोप्युरिनॉल दिले गेले, तर अझाथायोप्रिनचे शरीरातील विघटन अडते आणि पांढऱ्या पेशी धोक्याच्या पातळीपर्यंत घटू शकतात. सर्व औषधांची एकच यादी खिशात बाळगणे आणि प्रत्येक डॉक्टरांपुढे ती ठेवणे, हा उपाय बिनखर्चाचा आहे.

वनस्पतिजन्य म्हणून सर्वच निर्धोक, ही समजूतही तपासून घेतली पाहिजे. कोविडच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढविण्यासाठी गुळवेलीचा काढा घरोघरी घेतला गेला. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली असा काढा घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्या इजेचे स्वरूप स्वयंप्रतिकारक यकृतदाहासारखे होते. २०२२ साली देशातील विविध केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने मुंबईच्या नोंदीवर आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख नीट पटविली गेली नसल्याचे म्हटले. हा वाद तज्ज्ञांनी मिटवावा. परंतु ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या अवयवांवर उठलेली आहे, त्यांनी ती आणखी चेतविण्याचे औषध स्वतःच्या मनाने घेऊ नये, एवढे समजण्यास वाद मिटण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

आता तपश्चर्येचा प्रश्न. तो टाळून हे व्याख्यान पूर्ण होऊ शकत नाही. निरोगी यकृत दिवसा साखरेचा साठा करते आणि रात्री तो पुरविते. सिरोसिसमध्ये ही कोठी लहान होते. एका रात्रीच्या उपाशीपणानंतर अशा रुग्णाचे शरीर ज्या अवस्थेला पोहोचते, ती अवस्था निरोगी माणसाला दोन-तीन दिवसांच्या उपवासानंतर येते. मग शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागते. मार्गशीर्ष-पौषात पुण्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. चौविहार आणि त्यावर नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटे धरली, तर सुमारे चौदा तास अन्नपाण्यावाचून जातात. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिरोसिसच्या रुग्णांना तोच पूरक आहार काहींना दिवसा आणि काहींना रात्री देण्यात आला. वर्षाच्या अखेरीस रात्री घेणाऱ्यांच्या शरीरात सुमारे दोन किलो स्नायूंइतकी भर राहिली, दिवसा घेणाऱ्यांत ती दिसली नाही. म्हणूनच जगभरातील तज्ज्ञ अशा रुग्णांना झोपण्यापूर्वी काही खाण्याचा आग्रह करतात.

रात्रिभोजन त्यागाचे व्रत आयुष्यभर पाळलेल्या वृद्ध श्रावकाला हे सांगणे सोपे नाही, आणि त्याच्या दुःखाची थट्टा करणारा डॉक्टर निष्ठुर म्हटला पाहिजे. प्रत्याख्यान घेतानाच त्यात काही आगार ठेवलेले असतात. व्याधीने चित्ताची समाधी ढळू लागल्यास औषधोपचाराची मोकळीक देणारा आगारही त्यांत आहे. तो या प्रसंगी कितपत लागू होतो, याचा निर्णय गुरुमहाराजांनी द्यावयाचा, डॉक्टरांनी नव्हे. मात्र महाराजांपुढे रोगाची खरी अवस्था मांडली गेली पाहिजे. ‘थोडा पोटाचा त्रास आहे’ असे सांगून मिळविलेली अनुमती ही खरी अनुमती ठरत नाही. ज्यांना व्रत सोडणे सर्वथा अशक्य वाटते, त्यांनी निदान सूर्यास्तापूर्वीचा शेवटचा आहार भरघोस घ्यावा, त्यात डाळ, पनीर, दही यांसारखे प्रथिनांचे पदार्थ असावेत, आणि सकाळी नवकारशी न धरता सूर्योदय होताच काही घ्यावे. ही तडजोड आहे, पूर्ण उपाय नव्हे.

अठ्ठाई, मासक्षमण किंवा दशलक्षण पर्वातील सलग निर्जल उपवास यांबाबत मात्र तडजोडीला जागा नाही. प्रेडनिसोलोन दीर्घकाळ घेणाऱ्या व्यक्तीच्या शरीरातील तत्सम नैसर्गिक संप्रेरकाची निर्मिती मंदावलेली असते. थायरॉइडची गोळी एखादा दिवस चुकली तर फारसे बिघडत नाही. प्रेडनिसोलोन अकस्मात थांबविले तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते, आणि शांत झालेला यकृतदाह पुन्हा उफाळतो तो निराळाच. पर्युषणापूर्वी मनाशी संकल्प करून, घरच्यांना न सांगता गोळ्या बंद करणाऱ्या व्यक्ती असतात. अशा व्यक्तीला उपवासाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट्या, भोवळ आणि गळाठा आला, तर ती तपाची परीक्षा समजून वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि तेथे प्रेडनिसोलोन चालू होते, ही गोष्ट प्रथम सांगावी.

तपाचे बारा प्रकार आहेत आणि अनशन हा त्यांतील एक. स्वाध्याय, विनय, ध्यान यांना यकृताचा कोणताही विकार आड येत नाही. वैयावृत्त्य, म्हणजे रुग्ण व वृद्धांची सेवा, हेही आभ्यंतर तपच होय, आणि ते तर घरातल्या इतरांनी करावयाचे असते.

तरुण स्त्रियांविषयी थोडे. यकृतदाह आटोक्यात असेल तर विवाह आणि मातृत्व यांस सामान्यतः बाध येत नाही. गर्भधारणेचा विचार आधी डॉक्टरांशी बोलून करावा, कारण मायकोफिनोलेटसारखी काही औषधे गर्भाला घातक असल्याने पूर्वीच बदलावी लागतात. प्रसूतीनंतरच्या महिन्यांत रोग उसळण्याचा संभव असतो, आणि नेमके त्याच काळात बाळाच्या धावपळीत आईच्या तपासण्या राहून जातात.

शेवटी नातलगांच्या तपासणीविषयी. सीलिअ‍ॅकच्या रुग्णाचे आईवडील, भावंडे आणि मुले यांची रक्तचाचणी करावी, असे मार्गदर्शन आहे. सूक्ष्म नलिकांच्या विकारात रुग्णाच्या बहिणी व मुली यांना धोका इतरांहून अधिक असतो. वयाच्या तिशीनंतर त्यांनी अधूनमधून अल्कलाइन फॉस्फटेज तपासून घेतले, तर खाज सुरू होण्याची वाट पाहावी लागत नाही. यकृतदाह क्वचितच घराण्यात उतरतो. तेथे सर्वांच्या चाचण्या करीत सुटण्याची गरज नाही, परंतु घरात कोणाला थायरॉइड, कोड वा संधिवात आहे, याची माहिती डॉक्टरांना अवश्य द्यावी. संस्थांच्या आरोग्य शिबिरांत साखर आणि थायरॉइडसाठी रक्त घेतलेच जाते. त्याच नमुन्यात यकृताच्या चाचण्या करता येतात, त्यासाठी दुसऱ्यांदा सुई टोचावी लागत नाही.

जय जिनेंद्र.